बावीस इंचांचं दार

एका तासाचे जवळपास दोन लाख रुपये. जेवण नाही, एसी नाही, रिक्लायनर सीट तर विसराच. कानात बोळे घालावेच लागतात, नाहीतर उतरल्यावर तासभर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तरी कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात या फ्लाइटसाठी लोक आधी म्युझियमचे मेंबर होतात आणि मग नंबर लावून वाट बघत बसतात.

हे विमान म्हणजे अव्रो लँकेस्टर. दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या अंधारात जर्मनीवर बॉम्ब टाकायला ब्रिटननं वापरलेलं चार इंजिनांचं अवाढव्य बॉम्बर. एकूण ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली. त्यातली उडू शकणारी आज उरलीत फक्त दोन. एक ब्रिटिश हवाई दलाकडे, लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला आहे. ते समारंभांना डोक्यावरून घोंघावत जातं, पण पैसे भरून त्यात बसता येत नाही. दुसरं हॅमिल्टनच्या कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियमकडे. त्यात बसता येतं, म्हणून ती रांग.

२०१४ मध्ये हे कॅनडाचं लँकेस्टर अटलांटिक ओलांडून इंग्लंडला आलं आणि दोन्ही विमानं एकत्र उडाली. तेव्हा लोकांनी शेतांच्या बांधांवर खुर्च्या टाकल्या होत्या. क्रिकेटची मॅच बघावी तसे थर्मास, सँडविच, दुर्बिणी घेऊन! आपल्याकडे कुर्ल्याजवळ जरीमरीला उभं राहून लँडिंगचे फोटो काढणारी मुलं माहीत असतील तर त्यांचा हा उत्साह कळेल. मीही त्याच जमातीतली. विमानाचा आवाज आला की बोलता बोलता मान वर जाणारी.

नॉटिंगहॅमला मास्टर्स करत होते तेव्हा कळलं, की हॅमिल्टनला न जाताही लँकेस्टरमध्ये बसता येतं. फक्त ते उडत नाही. लिंकनशायरमध्येच ईस्ट कर्कबी नावाचं गाव आहे. तिथे ‘जस्ट जेन’ नावाचं लँकेस्टर आहे, त्याची चारही इंजिनं सुरू करून जुन्या विमानतळावर फिरवून आणतात. याला ‘टॅक्सी राइड’ म्हणतात. तीही स्वस्त नाहीच, शेकडो पौंड लागतात. सहा महिने वीकेंडला कॅफेत काम करून मी पैसे साठवले. माझ्या नागपूरच्या फ्लॅटमेटनं डोक्याला हात लावला होता. ‘अगं, एवढ्या पैशात तू नागपूरला जाऊन येशील! आणि हे उडणारसुद्धा नाही?’

बॉस्टनपर्यंत ट्रेन, पुढे टॅक्सी, आणि आजूबाजूला नुसती सपाट शेतं. लिंकनशायर सपाट आहे म्हणूनच युद्धात इथे बॉम्बर्सचे तळच तळ उभे राहिले होते. ईस्ट कर्कबीचं म्युझियम मात्र सरकारी नाही. ते उभं केलं दोन शेतकरी भावांनी, फ्रेड आणि हॅरल्ड पँटननी. यांचा कोंबड्यांचा व्यवसाय होता. त्यांचा मोठा भाऊ क्रिस्टोफर बॉम्बरमध्ये फ्लाइट इंजिनिअर होता. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेम्बर्गवरच्या हल्ल्यात तो गेला, १९ वर्षांचा असताना. त्या एका रात्री ७९५ विमानं गेली होती आणि त्यातली ९५ परत आली नाहीत. बॉम्बर कमांडची सगळ्यात वाईट रात्र. भावाची आठवण म्हणून पँटनबंधूंनी जुन्या विमानतळाची जमीन घेतली, ऐंशीच्या दशकात हे लँकेस्टर मिळवलं आणि मोडकळीला आलेला कंट्रोल टॉवर पुन्हा उभा केला. आजही त्यांचं कुटुंबच हे म्युझियम चालवतं. भावासाठी कुणी पाणपोई बांधतं, कुणी शाळेला बाकं देतं. यांनी बॉम्बर विकत घेतलं.

आता आत काय असतं ते सांगते, कारण बाहेरून बघून याची काही कल्पना येत नाही.

बाहेरून लँकेस्टर प्रचंड आहे. पंखांचा पसारा ३१ मीटर. आपल्याला वाटतं, आत ऐसपैस असेल. शेपटीकडच्या छोट्या दारातून शिडी चढून आत गेलं की पहिला धक्का बसतो. ही जागा माणसांसाठी नाहीच, बॉम्बसाठी आहे. विमानाच्या पोटात तळाशी १० मीटर लांब बॉम्बचा कप्पा आणि त्याच्या छतावरून आपण वाकून चालायचं. दोन्ही बाजूंना पाइप, केबल, पत्र्याच्या कडा. लोकल सुटताना आत घुसणाऱ्याला जितकी जागा मिळते, तितकीच.

डावीकडे वळलं की शेपटीतल्या गनरची काचेची टरेट. हा माणूस सगळ्यांकडे पाठ करून सात-आठ तास एकटा बसायचा. थंडी उणे ४० पर्यंत जायची, म्हणून विजेवर गरम होणारा सूट. आणि एक गोष्ट गाइडनं सांगितली तेव्हा आमचा गट एकदम गप्प झाला. टरेटमध्ये पॅराशूट घालून बसण्याएवढी जागाच नव्हती. पॅराशूट बाहेर, मागच्या बोगद्यात टांगलेलं असायचं. म्हणजे विमान पेटलं तर त्यानं आधी पाठीमागची दारं उघडायची, हात लांबवून पॅराशूट ओढायचं, छातीला अडकवायचं आणि मग उडी मारायची. तेही विमान गरगरत खाली येत असताना.

पुढे निघालं की मध्येच वाट अडते. पंखांना पेलणारी जाडजूड तुळई आडवी आलेली असते, तिला मेन स्पार म्हणतात. ती ओलांडायची म्हणजे कंपाउंडची भिंत चढून पलीकडे उतरायचं, फक्त डोक्यावर छत असताना. मी जीन्स आणि टी-शर्टमध्ये, भर दुपारी, उभ्या विमानात ती ओलांडली तरी गुडघा खरचटला. फरचे बूट, जाड जाकीट, अंधार, धूर आणि वाकडं झालेलं विमान यांची त्यात भर घातली की काय होत असेल?

स्पारच्या पुढे वायरलेस ऑपरेटर. गरम हवेचा झोत त्याच्याच शेजारी, त्यामुळे तो घामाघूम आणि मागचा गनर गोठलेला. मग पडद्याआड नॅव्हिगेटरचं टेबल, मग डावीकडे उंचावर पायलट, त्याच्या बाजूला फ्लाइट इंजिनिअरची घडीची सीट. सगळ्यात पुढे, नाकात, पालथा झोपलेला बॉम्ब-एमर. त्याच्या पोटाखाली जमिनीत एक चौकोनी झडप आहे. पुढच्या सगळ्यांनी संकटात याच झडपेतून बाहेर पडायचं.

मग इंजिनं सुरू झाली. एकेक करत, खोकत, निळसर धूर सोडत. चारही एका सुरात आल्यावर जो काही कंप सुरू होतो, तो कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येतो. पेट्रोल, गरम तेल आणि जुन्या रेक्झिनचा वास. विमान हलतं, गवतावरून डुलत डुलत जातं. खरं सांगू? मी हसत होते. लहान मुलीसारखी खिदळत होते. समोर बसलेले एक इंग्लिश आजोबा मात्र खिडकीबाहेर बघत गप्प होते. उतरल्यावर कँटीनमध्ये चहा घेताना त्यांनी सांगितलं, त्यांचे काका मागचे गनर होते. काकांचा फक्त एक फोटो घरात होता. ‘ते कुठे बसायचे ते एकदा बघायचं होतं,’ एवढंच म्हणाले आणि माझ्या प्लेटमध्ये त्यांचं बिस्कीट ठेवलं.

रूमवर येऊन त्या नाकातल्या झडपेबद्दल वाचायला बसले, आणि फ्रीमन डायसन सापडले. विज्ञानाच्या मुलांना हे नाव माहीत असेल, पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झाले. १९४३ मध्ये १९ वर्षांचे असताना ते बॉम्बर कमांडच्या ऑपरेशनल रिसर्च विभागात आकडेमोड करायला लागले. कोणतं विमान पडल्यावर किती माणसं जिवंत बाहेर येतात, याचा हिशेब त्यांनी बघितला. दिवसा उडणारी अमेरिकन बॉम्बर्स पडली तर जवळपास निम्मी माणसं वाचत होती. रात्री उडणाऱ्या जुन्या ब्रिटिश हॅलिफॅक्समधून शंभरातली २५. आणि सगळ्यात नवं, सगळ्यात लाडकं लँकेस्टर? शंभरातली १५.

कारण ती झडप. हॅलिफॅक्सची २४ इंच रुंद होती, लँकेस्टरची २२. दोन इंचांचा फरक. घरात मोजपट्टी असेल तर २२ इंच मोजून बघा, अंगावर जाड जाकीट आणि छातीवर पॅराशूटचं गाठोडं आहे असं समजून. डायसनच्या ऑफिसातला एक सहकारी झडप मोठी करा म्हणून अधिकाऱ्यांशी भांडत राहिला. ती मंजूर होऊन कारखान्यातून बाहेर येईपर्यंत युद्धच संपत आलं होतं. बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं मेली, सगळी स्वतःहून भरती झालेली. सरासरी वय साधारण बावीस. म्हणजे आपल्या लास्ट इयरचा किंवा पहिल्या नोकरीतला कुणीही.

या राइडचे पैसे नेमके कशाचे, ते मला हे वाचल्यावर कळलं. पुस्तकात ‘विमानातून उडी मारली’ हे तीन शब्द असतात. आत जाऊन आलं की त्या तीन शब्दांमध्ये किती अडथळे आहेत ते गुडघ्याला कळतं.

हॅमिल्टनच्या लँकेस्टरची गोष्टही बाहेर पडण्याचीच आहे. त्याला सगळे लाडानं ‘व्हेरा’ म्हणतात, कारण अंगावर व्हीआर-ए ही अक्षरं आहेत. ही अक्षरं होती अँड्र्यू मिनार्स्कीच्या विमानाची. मिनार्स्की कॅनडातल्या विनिपेगचा. जून १९४४ मध्ये फ्रान्सवर त्याच्या विमानाला जर्मन फायटरनं गाठलं, डावीकडची दोन्ही इंजिनं गेली आणि आग लागली. कॅप्टननं उड्या मारायला सांगितलं. मिनार्स्की दारापाशी पोचला, तेव्हा त्याला दिसलं, की शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी टरेटमध्ये अडकलाय. टरेट फिरतच नव्हती. हा आगीतून रांगत मागे गेला. आधी कुऱ्हाडीनं, मग नुसत्या हातांनी दार ओढत राहिला. कपडे पेटले होते. शेवटी ब्रॉफीनंच त्याला खुणावलं, जा. मिनार्स्की मागे सरकत दारापर्यंत गेला, तिथे उभं राहून त्यानं सॅल्यूट केला आणि उडी मारली. भाजल्यामुळे तो खाली पोचल्यावर गेला. आणि ब्रॉफी? विमान आदळलं तेव्हा टरेट तुटली आणि तो बाहेर फेकला गेला. जिवंत. मिनार्स्कीनं काय केलं हे जगाला कळलं ते त्याच्यामुळेच. १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

गंमत म्हणा किंवा काहीही म्हणा, व्हेरा स्वतः कधी युद्धात गेलंच नाही. १९४५ मध्ये कॅनडातच बांधलं गेलं, तोवर उशीर झाला होता. कॉनिंग्सबीचंही तेच, जस्ट जेनचंही तेच. लढली ती बहुतेक पडली, आणि जी लढून वाचली ती युद्धानंतर भंगारात गेली. उशिरा आलेली काही टिकली. आपण ज्यात बसून फोटो काढतो, ती बहुतेक अशी उशिरा आलेली भावंडं असतात.

खरोखर लढलेलं लँकेस्टर बघायचं असेल तर लंडनमध्ये हेंडनला जावं, आरएएफ म्युझियममध्ये. प्रवेश फुकट आहे, विद्यार्थ्यांनी हे आधी लक्षात ठेवावं! तिथलं आर५८६८ हे विमान १३७ मोहिमा करून परत आलं. नाकावर प्रत्येक मोहिमेसाठी एक पिवळा बॉम्ब रंगवलाय, रांगाच्या रांगा. त्याखाली शत्रूचं एकही विमान जर्मनीवर उडणार नाही, ही गोरिंगची फुशारकी मुद्दाम रंगवलेली आहे. आणि या विमानाच्या नॅव्हिगेटर्समध्ये एक नाव आहे शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. आडनाव वाचून मी तिथेच थांबले. रात्रीच्या अंधारात, पडद्याआड, नकाशावर पेन्सिलनं रेषा ओढत जर्मनीचा रस्ता शोधणारा माणूस सुखटणकर! त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात यांना एक ओळ मिळाली असती तर काय बिघडलं असतं?

आता भारतात येऊ, कारण या उडत्या म्युझियमच्या धंद्यात भारताचा हिस्सा चांगलाच मोठा आहे.

युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेनं ब्रिटनला दिलेली लिबरेटर नावाची बॉम्बर्स भारतात पडून होती. करार असा, की ती परत तरी करायची किंवा निकामी करायची. ब्रिटिशांनी कानपूरला चकेरीच्या तळावर ती उभी केली आणि पुन्हा उडता कामा नयेत म्हणून त्यांची मोडतोड करून ठेवली. १९४८ उजाडलं, काश्मीरचं युद्ध सुरू होतं, नव्या देशाला बॉम्बर्स हवी होती आणि पैसे नव्हते. मग या मोडक्या ढिगाऱ्यातून एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन असं करत विमानं जुळवली. हिंदुस्तान एअरक्राफ्टचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून कानपूरहून बेंगळुरूला उडवत नेली. तिथे त्यांची नीट दुरुस्ती झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यावर पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे पुण्याच्या लोहगाव तळावर सहाव्या स्क्वाड्रनकडे ही विमानं आली. अरबी समुद्रावर तासन्‌तास टेहळणी करायची, हे त्यांचं काम. आज आपण पुणे एअरपोर्टवर इंडिगोची वाट बघत वैतागतो, त्याच धावपट्टीच्या आसपास एकेकाळी लिबरेटर उतरायची. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा जगात इतरत्र लिबरेटर जवळपास संपलेली होती. मग जगभरची म्युझियम्स भारताच्या दारात आली. कॅनडाला एक गेलं, अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या पिमा म्युझियमला एक, ब्रिटनच्या आरएएफ म्युझियमला एक. आणि ही नुसती पेटीत भरून नाही, उडत गेली.

एक मात्र इथेच बरीच वर्षं बेवारस पडून राहिलं. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकानं ते नेलं, पुढे अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं घेतलं, हजारो तास खपून ते पुन्हा उभं केलं आणि १९८९ मध्ये ते उडालं. त्यानंतर तीस वर्षं हे विमान अमेरिकेत गावोगाव फिरलं. सव्वाचारशे-साडेचारशे डॉलर भरून हजारो लोक त्यात बसले. ‘ऑल अमेरिकन’, ‘ड्रॅगन अँड हिज टेल’, ‘विचक्राफ्ट’ अशी त्याची नावं बदलत गेली. कानपूरच्या मेकॅनिकांच्या हातून गेलेलं विमान ‘ऑल अमेरिकन’ म्हणून मिरवलं, हे मला फार आवडतं.

इथपर्यंत सगळं छान आहे. पण २ ऑक्टोबर २०१९ बद्दल न बोलता हा लेख लिहिणं म्हणजे फसवणूक होईल.

त्याच कॉलिंग्ज फाउंडेशनचं दुसरं विमान होतं, बी-१७ ‘नाइन-ओ-नाइन’. यानं आयुष्यात काय काय बघितलं होतं! १९५२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात अणुचाचण्यांच्या वेळी धक्का सोसायला हे उभं केलं होतं. मग आगी विझवायला वापरलं, मग राइड द्यायला. त्या सकाळी कनेक्टिकटच्या ब्रॅडली विमानतळावरून १० प्रवासी आणि ३ कर्मचारी घेऊन ते उडालं. उजवीकडच्या एका इंजिनाचा जोर लगेच कमी झाला. पायलट परत फिरला. उतरताना विमान धावपट्टीच्या आधीच टेकलं, भरकटत एका इमारतीवर आदळलं आणि पेटलं. जेमतेम पाच मिनिटांचं उड्डाण. सात जण गेले, त्यातले पाच प्रवासी.

अमेरिकेच्या एनटीएसबीनं २०२१ मध्ये अहवाल दिला. इंजिन बंद केल्यावर पायलटनं वेग आणि लँडिंग गिअर नीट सांभाळले नाहीत, हे मुख्य कारण. पण त्यामागे जास्त बोचणारं होतं, ते म्हणजे टूरवर असताना देखभाल धड झालेली नव्हती. आणि देखभालीचा प्रमुख खुद्द पायलटच होता. म्हणजे चूक पकडायला दुसरा माणूसच नाही. त्याआधीच, मार्च २०२० मध्ये संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली गेली होती. तीन वर्षांनी डॅलसच्या एअर शोमध्ये ‘टेक्सस रेडर्स’ हे बी-१७ एका फायटरला धडकून सहा जण गेले. त्यात प्रवासी नव्हते, पण विमानप्रेमींमधला वाद पुन्हा पेटला. उडवायची, की छपराखाली उभी करून ठेवायची?

दोन्ही बाजूंची माणसं मला भेटलीत. उडवा म्हणणारे म्हणतात, इंजिनाचा आवाज म्युझियममध्ये ठेवता येत नाही. विमान उडत असलं तरच ते दुरुस्त करणारे हात तयार होतात. आणि तिकिटाच्या पैशांशिवाय ही संस्था चालणारच नाहीत. उभी करा म्हणणारे एकच मुद्दा मांडतात, की शिल्लक विमानं बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि दर अपघातात एक कायमचं जातं, माणसांसकट.

माझं मत? उडू द्यावीत, पण अनुभवी कर्मचारी घेऊन, रिकामी. लोकांना आत बसवायचं तर ईस्ट कर्कबीसारखं जमिनीवर फिरवावं. मी तिथे जे शिकले त्यातलं काहीही हवेत जाण्यावर अवलंबून नव्हतं. स्पार जमिनीवरही तेवढाच उंच असतो आणि झडप तेवढीच अरुंद. माझ्या या मतावर माझ्या ग्रुपमधले निम्मे लोक चिडतात, ‘तुला परवडत नाही म्हणून तू असं म्हणतेस’ असं म्हणतात. तेही थोडं खरं आहे!

आणि तरीही ज्यांना उडायचंच आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेत बी-२९ जातीची दोन विमानं आहेत, ‘फिफी’ आणि ‘डॉक’. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात मरायला टाकलेली होती. ‘डॉक’ला स्वयंसेवकांनी सोळा वर्षं खपून २०१६ मध्ये उडवलं. काचेच्या नाकातली बॉम्बार्डियरची सीट सगळ्यात महाग. बी-२९ चा आपल्याशीही संबंध आहे. या विमानांची पहिली युद्धमोहीम ५ जून १९४४ ला बँकॉकवर गेली, ती खरगपूरच्या आसपासच्या तळांवरून. त्यांचं मुख्यालय होतं हिजलीच्या जुन्या बंदिशाळेत. तीच इमारत, जिथे पुढे आयआयटी खरगपूर सुरू झाली. आयआयटीतल्या मित्रांना हे विचारून बघा, किती जणांना माहीत आहे!

एक प्रश्न माझ्या फ्लॅटमेटनं विचारला होता, तो इथे टाळणार नाही. मी फोटो दाखवत होते, तेव्हा तो म्हणाला, ‘सगळं ठीक आहे गं, पण यातून जे खाली टाकलं ते ज्यांच्यावर पडलं त्यांचं काय?’ जुलै १९४३ च्या शेवटच्या आठवड्यात हॅम्बुर्ग पेटलं, तेव्हा अंदाजे चाळीस हजार माणसं गेली. त्यात बायका होत्या, मुलं होती. राइडच्या तासाभरात हे कुणी बोलत नाही. इंजिनांच्या आवाजात बोलताही येत नाही. त्यासाठी लिंकनला जावं लागतं. तिथे २०१८ मध्ये इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर उघडलं. बाहेर टेकडीवर एक सुळका आहे, त्याची उंची ३१ मीटर, म्हणजे बरोबर लँकेस्टरच्या पंखांएवढी. त्याभोवतीच्या भिंतींवर जवळपास ५८ हजार नावं कोरलेली आहेत. आणि आतल्या संग्रहात विमानात बसलेल्यांच्या आठवणींबरोबर, खाली तळघरात बसलेल्या जर्मन आणि इटालियन लोकांच्याही आठवणी नोंदवलेल्या आहेत. ईस्ट कर्कबीला जाणाऱ्यांनी एक दिवस जास्त ठेवावा आणि दोन्ही करावं. आधी कुठलं, ते तुम्ही ठरवा. मी आधी राइड केली. पुन्हा गेले तर उलट करेन.

पासपोर्ट, व्हिसा, पौंड यातलं काहीच जमत नसेल तर दिल्लीला पालमचं हवाई दलाचं म्युझियम आहे. कॉलेजची ट्रिप दिल्लीला गेली, की सगळे लाल किल्ला आणि सरोजिनी मार्केट करून परत येतात. अर्धा दिवस काढा. तिथे कानपूरच्या ढिगाऱ्यातून उठलेल्या लिबरेटरांपैकी एक उभं आहे. शेपटीकडून बघायला सुरुवात करा, आणि बघता बघता दारं मोजा.